दुसऱ्याच्या भयाची जबाबदारी

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा या वयातील विद्यार्थ्यांसाठी ‘ए-लेव्हल’ हा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम असतो, आणि त्यात ‘मीडिया स्टडीज’, म्हणजे प्रसारमाध्यमांचा अभ्यास, हा विषय घेणाऱ्यांना २०१० च्या दशकात एक प्रात्यक्षिक करावे लागे. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या त्या प्रात्यक्षिकात एका नव्या कथापटाची फक्त सुरुवात, नामावलीसह आणि जास्तीत जास्त दोन मिनिटांची, चित्रित करायची असे; त्यानंतर स्वतःच्या निर्मितीचे मूल्यमापन करताना काही ठरावीक प्रश्नांना उत्तरे द्यायची असत, आणि या चित्रपटाचा प्रेक्षक कोण व त्याला आकृष्ट करण्यासाठी काय केले, हे त्यांतलेच दोन प्रश्न होते. पुष्कळ गट थरारपट निवडत. थरारपट म्हणजे येऊ घातलेल्या संकटाच्या जाणिवेने प्रेक्षकाला ताणून धरणारा चित्रपट. त्याला मोठा नटसंच लागत नाही, रिकामा जिना, बंद दार, पावलांचा आवाज आणि एक घाबरलेला चेहरा एवढ्यावर तो उभा राहू शकतो, म्हणून शाळेच्या कॅमेऱ्याला तो परवडतो. प्रेक्षक म्हणून सहसा पंधरा वर्षांच्या पुढची मुले ठरवली जात, म्हणजे करणारे सतरा वर्षांचे आणि पाहणारेही जवळपास त्याच वयाचे.

परीक्षेच्या दृष्टीने प्रेक्षकाचा प्रश्न हा विपणनाचा प्रश्न असे आणि त्याची उत्तरेही त्याच भाषेत दिली जात: पात्रे प्रेक्षकाच्या वयाची घेतली, त्यांच्या हाती मोबाइल दिला, संगीत त्यांच्या आवडीचे ठेवले, संकलन, म्हणजे दृश्यखंडांची जोडणी, वेगवान केले. या उत्तरांच्या खाली मात्र एक जुना आणि अवघड तात्त्विक प्रश्न आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या मनात जाणूनबुजून, मोजूनमापून भय निर्माण करावे याला नैतिक आधार कोणता, आणि ज्याच्या मनात ते निर्माण करायचे त्याचे मन अजून घडत असेल तर निर्माण करणाऱ्याच्या शिरावर कोणते दायित्व येते? पुढील विवेचनाची भूमिका अशी आहे की ज्या भयाने पाहणाऱ्याचा विचार जागा होतो ते भय देण्याचा कलावंताला अधिकार आहे, ज्या भयाने तो विचार बंद पडतो ते देण्याचा नाही, आणि किशोरवयीन प्रेक्षकाला थरारपट का आवडावा याचे खरे उत्तरही याच भेदात सापडते.

प्रेक्षकाच्या मनात विकार उठवण्याच्या उद्योगाकडे धर्मपरंपरांनी संशयाने पाहिले आहे, आणि तो संशय हलक्याने बाजूला सारण्याजोगा नाही. पाली त्रिपिटकातील संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा येते. रंगमंचावर सत्य आणि असत्य यांच्या मिश्रणाने लोकांना रिझवणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे नटांच्या जुन्या आचार्यांकडून त्याने ऐकलेले असते, आणि ते खरे का, असे तो बुद्धाला विचारतो. बुद्ध दोनदा उत्तर टाळतात आणि तिसऱ्यांदा सांगतात की राग (म्हणजे आसक्ती), द्वेष आणि मोह यांतून न सुटलेल्या लोकांसमोर जो याच तीन गोष्टींना खतपाणी घालणारे प्रयोग करतो, स्वतः बेसावध राहून इतरांनाही बेसावध करतो, त्याची गती देवलोकाची नसते. तालपुट रडतो, पण कठोर उत्तर मिळाले म्हणून नव्हे. आपल्या परंपरेने आपल्याला इतका काळ फसवले याचे त्याला दुःख होते, आणि पुढे तो भिक्षू होतो. या कथेत नाट्यकलेचा सरसकट निषेध वाचण्याची घाई करू नये. बुद्धांचा आक्षेप नेमका आहे, आणि तो प्रेक्षकाच्या सावधपणाविषयी आहे: प्रयोग संपल्यावर पाहणारा पूर्वीपेक्षा अधिक जागा झाला की अधिक गुंगला? ग्रीक परंपरेत प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये परलोकाची भीषण वर्णने काव्यातून काढून टाकावीत असे म्हटले, कारण ज्या तरुणांना नगराचे रक्षक व्हायचे आहे त्यांची मने अशा वर्णनांनी दुबळी होतील अशी त्याची धास्ती होती. प्लेटोने विषयावरच बंदी मागितली, तर बुद्धांनी परिणामाविषयी विचारले. प्रस्तुत प्रश्नाला दुसरी वाट अधिक उपयोगी आहे.

त्याआधी चित्रपटातले भय हे भय आहे का, हे पाहावे लागते. अमेरिकी तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९७८ साली एका प्रसिद्ध लेखात चार्ल्स नावाच्या कल्पित प्रेक्षकाचे उदाहरण मांडले: पडद्यावरचा हिरवा, लिबलिबीत राक्षसी गोळा कॅमेऱ्याच्या दिशेने सरकतो, चार्ल्स किंचाळतो, खुर्ची घट्ट धरतो, नंतर आपण भयंकर घाबरलो असेही सांगतो, परंतु चित्रपटगृहातून पळत नाही आणि पोलिसांनाही बोलावत नाही. ज्या भयातून कोणतीही कृती निघत नाही ते खरे भय नव्हे, ती कल्पनाखेळातली भयसदृश अवस्था आहे, असा वॉल्टन यांचा निष्कर्ष. भारतीय काव्यशास्त्रात, नवव्या शतकाच्या सुमारास, शंकुकाने याच्या शेजारचा विचार वेगळ्या दिशेने केला होता. चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणताना पाहणाऱ्याला तो खरा घोडा वाटत नाही, खोटा वाटत नाही, खरा की खोटा असा संशय पडत नाही, आणि हा घोड्यासारखा आहे असेही तो म्हणत नाही. नटाला राम म्हणून पाहताना होणारे ज्ञान याच जातीचे, या चारही प्रकारांहून निराळे असते. वॉल्टन यांच्या मांडणीत प्रेक्षकाच्या भयाला काहीतरी कमी पडते, शंकुकाच्या मांडणीत काही कमी पडत नाही, केवळ जात बदलते. दुसरे म्हणणे अनुभवाला अधिक धरून आहे, कारण थरारपट पाहताना हृदय खरेच धडधडते आणि तरीही बसून राहावेसे वाटते, हे दोन्ही एकाच अनुभवाचे भाग आहेत.

ही जात कशी बदलते याचे सर्वांत खोल विवेचन अभिनवगुप्ताने केले आहे. काश्मीरच्या या तत्त्वज्ञाने इसवी सन १००० च्या आगेमागे भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली, आणि रसाची, म्हणजे प्रेक्षकाला आस्वादता येणाऱ्या भावाची, प्रक्रिया उलगडताना त्याने उदाहरण निवडले ते भयाचेच. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे एक हरीण जिवाच्या आकांताने पळत असते, मान वळवून मागे पाहत असते, आणि बाणाच्या भीतीने अंग आक्रसून घेत असते. अभिनवगुप्त म्हणतो की हे पाहताना किंवा ऐकताना ते हरीण अमुक ठिकाणचे, अमुक वेळचे राहत नाही, त्याला घाबरवणाराही कोणी विशिष्ट माणूस राहत नाही, आणि उरते ते देशकालाच्या मर्यादेतून सुटलेले निखळ भय. मी घाबरलो, हा घाबरला, हा शत्रू घाबरला, हा मित्र घाबरला, अशा रोजच्या जाणिवांना चिकटून येणारे सुख, दुःख, पळून जाण्याची किंवा वाचवायला धावण्याची बुद्धी इथे उठत नाही, म्हणून ते भय जणू हृदयात शिरते आणि डोळ्यांसमोर फिरते, तरी बाधत नाही. या प्रक्रियेला साधारणीकरण म्हणतात, म्हणजे एका व्यक्तीला चिकटलेला भाव तिच्यापासून सुटून सर्वांना सारखाच अनुभवता येणे. ही कल्पना त्याच्या आधीच्या भट्टनायक या काव्यशास्त्रकाराची, तिला अभिनवगुप्ताने आपल्या सिद्धान्तात सामावून घेतले.

आता विद्यार्थ्यांच्या त्या मूल्यमापनाकडे पुन्हा पाहावे. किशोर प्रेक्षकासाठी थरारपट रचताना पहिला सल्ला असा मिळतो की त्याला पडद्यावर स्वतःचे जग दिसले पाहिजे, त्याचा गणवेश, त्याची शाळा, त्याच्या वयाची पात्रे. अभिनवगुप्ताने रसानुभवात अडथळे आणणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतले दुसरे विघ्न नेमके हेच आहे: पाहिलेला भाव स्वतःचाच किंवा दुसऱ्या विशिष्ट कोणाचा तरी मानून त्याच्या देशकालात अडकून पडणे. भय आपलेच आहे असे वाटले की ते टाळायचे कसे, लपवायचे कसे, ही धडपड सुरू होते आणि आस्वाद संपतो. अभिनवगुप्ताने यावर सांगितलेला उपायही चित्रपटाच्या सुरुवातीविषयी विचार करणाऱ्याला महत्त्वाचा वाटावा असा आहे. नाटकाआधीचा पूर्वरंग, म्हणजे मुख्य कथेपूर्वीचे संगीत, वंदन आणि प्रस्तावना, तसेच मुकुट आणि वेष, यांमुळे समोरचा माणूस अमुक नट आहे ही बुद्धी झाकली जाते आणि कथेच्या जगात शिरण्याची वाट मोकळी होते. चित्रपटाची नामावली हे काम करू शकते. काळ्या पडद्यावर नावे येत असताना दूरवरच्या रेल्वेचा आवाज हळूहळू वाढत गेला, तर प्रेक्षक आपली वर्गखोली मागे ठेवून आत येतो. तीच नावे त्याच्या शाळेच्या फाटकावरच्या गजबजलेल्या दृश्यावर आली, तर कोण कुठे दिसला हे ओळखण्यात तो वेळ घालवतो. स्वतःच्या शाळेत चित्रित केलेल्या भीषण प्रसंगावर वर्गमित्रांमध्ये हशा पिकतो, याचे कारण अभिनय कच्चा असणे एवढेच नसते. पडद्यावर मारेकरी न दिसता तिसऱ्या बाकावरचा मुलगा दिसतो, आणि हेच ते विघ्न.

तरीही साम्याचा आग्रह पूर्णपणे चुकीचा नाही. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात म्हटले आहे की भय वाटते ते आपल्यासारख्या माणसाविषयी. प्रश्न एवढाच की सारखेपणा कशात शोधायचा. भरताने भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले: कृत्रिम भयाचा, अपराधातून येणाऱ्या भयाचा, आणि भेदरल्यामुळे होणाऱ्या भयाचा. भयाची कारणे म्हणून त्याने विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओसाड घर, अरण्य, आप्तांचा वध किंवा बंधन यांची नावे घेतली आहेत, आणि ही यादी आजच्या कोणत्याही थरारपटाच्या आराखड्याशी जुळते. मात्र त्या तीन प्रकारांतला दुसरा, अपराधाचा, किशोरवयाच्या सर्वांत जवळचा आहे, कारण आपल्या कृत्याला परिणाम असतात आणि ते परत घेता येत नाहीत, हे माणसाला पहिल्यांदा नीट कळते ते याच वयात. अमेरिकी लेखिका लोइस डंकन यांनी किशोर वाचकांसाठी १९७३ साली लिहिलेली ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ ही कादंबरी याच भयावर उभी आहे: चार तरुण मुलांच्या गाडीखाली सायकलवरचा एक लहान मुलगा सापडून मरतो, ते गप्प राहण्याचे ठरवतात, आणि आपले गुपित कुणाला तरी ठाऊक आहे असे सांगणारी चिठ्ठी येते. १९९७ साली या कथेवर आलेल्या चित्रपटात हातात आकडा घेतलेला मारेकरी अवतरला आणि मुले एकामागून एक मारली जाऊ लागली. मूळ कादंबरीत असा संहार नाही, आणि या रूपांतराविषयीची आपली नाराजी लेखिकेने उघडपणे व्यक्त केली होती. भरताने बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो असे सांगितले आहे, म्हणजे किळस ही भयाची एक वाट आहे हे त्यालाही मान्य होते. परंतु इथे झालेला बदल उलट्या दिशेचा आहे. अपराधाच्या भयापाशी पोहोचलेली गोष्ट पुन्हा किळसेकडे नेली गेली, आणि ज्या प्रश्नाने वाचक रात्रभर जागा राहिला असता तो प्रश्न रक्ताखाली झाकला गेला. किशोर प्रेक्षकाला साम्य हवे असेल तर ते इथे आहे, त्याच्या खिशातल्या मोबाइलच्या बनावटीत नाही.

भय कसे निर्माण करायचे, या प्रश्नाचा व्यावहारिक गाभा ज्ञानाच्या वाटपात आहे, आणि त्याविषयी सर्वांत स्पष्ट बोलणारा दिग्दर्शक म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६२ साली त्यांची दीर्घ मुलाखत घेतली, जी १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले: दोघे जण साध्या गप्पा मारत बसले आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का मिळतो, पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल आणि भिंतीवरचे घड्याळही त्याला दिसत असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे त्याला खिळवून ठेवतात. हा भेद तंत्राचा म्हणून शिकवला जातो, पण तो नीतीचाही आहे. धक्का देणारा प्रेक्षकाला अज्ञानात ठेवतो आणि त्याच्या शरीराकडून प्रतिक्रिया काढून घेतो. उत्कंठा निर्माण करणारा त्याला पात्रांपेक्षा जास्त माहिती देतो, त्याला जाणता करतो, आणि त्याच्या जाणतेपणाचेच भय बनवतो. पहिल्या प्रकारात प्रेक्षक दचकतो, दुसऱ्यात तो अंदाज बांधतो, तुलना करतो, कोणी काय करायला हवे याचा मनात निवाडा करतो.

तरीही हिचकॉक यांचाच एक चित्रपट सांगतो की माहिती दिल्याने सारे दायित्व फिटत नाही. जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०७ च्या ‘द सीक्रेट एजंट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘सॅबोटाज’ या १९३६ च्या चित्रपटात लंडनमध्ये चित्रपटगृह चालवणारा व्हर्लॉक हा छुपा घातपाती आपल्या पत्नीच्या लहान भावाच्या, स्टीव्हीच्या, हातात एक पुडके देऊन ते ठरलेल्या ठिकाणी पोहोचवायला सांगतो. त्यात ठरलेल्या वेळी फुटणारा बॉम्ब आहे, आणि मुलाच्या दुसऱ्या हातात चित्रपटाच्या रिळांचे डबे आहेत. प्रेक्षकाला हे ठाऊक आहे, मुलाला नाही. रस्त्यावर दंतमंजन विकणारा त्याला थांबवतो, मिरवणुकीची गर्दी वाट अडवते, बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या कुत्र्याच्या पिल्लाशी तो खेळू लागतो, घड्याळाचे काटे पुढे सरकत राहतात, आणि बॉम्ब फुटतो. मुलगा मरतो, बसमधले प्रवासीही मरतात. त्रुफो यांच्याशी बोलताना हिचकॉक यांनी ही चूक होती असे कबूल केले, कारण त्या मुलाविषयी इतकी माया निर्माण झाली होती की प्रेक्षकांना त्याचा मृत्यू सहन झाला नाही, आणि त्रुफो यांनीही पडद्यावर मुलाला मारणे हे चित्रपटाच्या सत्तेच्या गैरवापराजवळ जाते असा अभिप्राय दिला. हिचकॉक यांनी सांगितलेले कारण प्रेक्षकाच्या रोषाचे आहे, परंतु त्यामागे अधिक खोल कारण दिसते. प्रेक्षकाला जाणते करणे म्हणजे त्याच्याशी एक करार करणे: तुझ्या काळजीला या कथेत काही किंमत आहे. पंधरा मिनिटे काळजी करायला लावून ती काळजी निरर्थक ठरवली, तर तो करार मोडतो. याचा अर्थ थरारपटात कोणी मरूच नये असा नाही. मृत्यू आला तर त्याचा भार कथेने उचलला पाहिजे, त्यातून पुढे काही घडले पाहिजे. ‘सॅबोटाज’मध्येही भावाच्या मृत्यूची बातमी कळल्यावर बहीण चित्रपटगृहात एक व्यंगपट पाहत बसते, लोकांबरोबर क्षणभर हसते आणि मग तिचे हसू थिजते, तिथे कथा हा भार खरोखर उचलते, आणि चित्रपटातला सर्वांत थोर क्षण तोच आहे.

भारतात मुलांसाठी रहस्यपट करताना हाच विचार सत्यजित राय यांनी फार सुंदर रीतीने अमलात आणला. ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी १९६५ पासून फेलूदा या गुप्तहेराच्या कथा लिहिल्या, आणि वाचक कोवळे असल्याने हिंसा अगदी बेताची ठेवायची व प्रौढांच्या विषयांतली अनैतिकता वर्ज्य मानायची ही मर्यादा त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत खलपुरुष कोण हे शेवटपर्यंत झाकलेले आहे. १९७४ साली तिच्यावर चित्रपट करताना मात्र राय यांनी खलपुरुषांची ओळख लवकरच उघड केली, मुकुल या पूर्वजन्म आठवणाऱ्या मुलाला घेऊन निघालेल्या डॉक्टरला कड्यावरून ढकलले जाताना प्रेक्षक पाहतो, आणि नंतर तो मुलगा निःशंकपणे त्याच लबाडांबरोबर जेसलमेरच्या दिशेने प्रवास करताना दिसतो. कोडे सोडवण्याची मजा गेली, पण त्या जागी काळजी आली, आणि ही काळजी लहान प्रेक्षकाला मोठ्या माणसाच्या जागी बसवते, कारण मुकुलला जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे. मराठीत भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, याच जातीचा आहे. त्याची संकटे खरी असतात, मारेकरी आणि हेर खरे असतात, आणि वाचक त्याच्या धावण्यात सामील होतो तो पुढे काय करावे याचा विचार करत. या लेखकांनी मुलांना कमी घाबरवले असे मानणे चूक आहे. त्यांनी मुलांच्या बुद्धीवर जास्त विश्वास टाकला.

प्रमाणपत्रांची चौकट या संदर्भात उपयोगी असली तरी तिची पोच थोडी आहे. ब्रिटनमध्ये ‘पंधरा’ हे प्रमाणपत्र १९८२ पासून आहे, अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारी श्रेणी १९८४ साली आली, आणि भारतात २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने ‘यूए’ या जुन्या प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. किती रक्त दिसावे, किती वेळ दिसावे, हे अशा श्रेण्यांना मोजता येते. प्रेक्षकाशी केलेला करार पाळला की मोडला, हे मोजता येत नाही.

किशोरवयीन माणसाला भयाची ओढ का असते, हे उपनिषदांतल्या दोन कथांच्या आधाराने अधिक नीट समजते. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला पुरुष घाबरतो, मग विचार करतो की माझ्याखेरीज दुसरे कोणी नाही तर मी कोणाला भितो, आणि त्या विचाराने त्याचे भय जाते. कारण भय दुसऱ्याच्या असण्यातून येते. थरारपटाची सारी रचना या एका सूत्रावर चालते. एकट्या घरात दुसऱ्याचे पाऊल वाजते, रिकाम्या खोलीत दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो, फोनवर दुसरा कोणी तरी गप्प उभा असतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस आईवडिलांच्या छायेतून बाहेर पडतो आणि जग हे पहिल्यांदाच त्याला खऱ्या अर्थाने ‘दुसरे’ म्हणून भेटते, म्हणून त्याच्या या अवस्थेला थरारपट इतका नेमका भिडतो. दुसरी कथा कठोपनिषदातील नचिकेताची. वडिलांनी रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला हा मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबतो, आणि वर मागण्याची वेळ आल्यावर माणूस मेल्यानंतर असतो की नसतो, हे विचारतो. यम त्याला दीर्घायुष्य, संपत्ती आणि अप्सरा देऊ करतो, पण तो प्रश्न सोडत नाही. भरताने भयानक रसाची देवता काल ही सांगितली आहे. आणि परंपरेने मृत्यूच्या देवतेसमोर उभे करायला निवडला तो कुमार. तोच भरत भयानक रस स्त्रिया आणि हीन प्रकृतीच्या माणसांच्या ठायी असतो असे मानतो, आणि या बाबतीत उपनिषदाची दृष्टी नाट्यशास्त्राहून श्रेष्ठ आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे: भयाच्या दारात थांबून प्रश्न विचारणे हे हीनतेचे लक्षण नाही.

ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात भयाची जी मीमांसा केली आहे तिच्यात हे सारे धागे एकत्र येतात. भय म्हणजे येऊ घातलेल्या अनिष्टाच्या कल्पनेने होणारी पीडा, असे तो सांगतो, आणि पुढे असे नोंदवतो की भयासाठी सुटकेची काही आशा शिल्लक असावी लागते, कारण भय माणसाला विचारविनिमय करायला लावते आणि पूर्ण हताश झालेल्या गोष्टीविषयी कोणी विचारविनिमय करत नाही. त्याच ग्रंथात तरुणांविषयी तो म्हणतो की ते आशेने भरलेले असतात, आयुष्याने त्यांना अजून नमवलेले नसते. या दोन निरीक्षणांना जोडले तर असे दिसते की ज्या वयात आशा सर्वांत जास्त असते त्याच वयात भयातून विचार निघण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. आशा सुरुवातीलाच छाटून टाकणारा चित्रपट, ज्यात कोणी वाचणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळून चुकते आणि उरलेला वेळ केवळ मरणाचे नवनवे प्रकार पाहण्यात जातो, तो किशोर प्रेक्षकाकडे असलेली सर्वांत मोलाची गोष्ट वाया घालवतो. तालपुटाला दिलेल्या उत्तरातला बेसावधपणा हाच. इथे मोहाला खतपाणी मिळते, आणि भय केवळ सवयीचे होते.

दोन मिनिटांच्या त्या प्रात्यक्षिकात यातून एक खास अडचण उभी राही, जिच्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. परीक्षा फक्त सुरुवात मागत असे. भय उघडायचे असे, मिटवायचे नसे. करार करायचा असे, तो पाळण्याची पाळी कधीच येत नसे. ॲरिस्टॉटलच्या मते कथानकाला आदि, मध्य आणि अंत असलेली पूर्णता लागते, आणि रससिद्धान्तानुसारही भाव परिपाकाला पोहोचल्याखेरीज रस होत नाही. ज्यांनी अंत कधी लिहिलाच नाही अशा विद्यार्थ्यांना धक्क्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण धक्क्याला अंताची गरज नसते. दार धाडकन उघडते, किंकाळी येते, पडदा काळा होतो आणि चित्रपटाचे नाव झळकते. ज्या गटाला पुढची गोष्ट ठाऊक आहे, पडद्यावरच्या मुलीने कोणता अपराध लपवला आहे, तिच्या मागावर असलेला माणूस तिला शिक्षा द्यायला येतो आहे की सावध करायला, हे ज्याने कागदावर लिहून काढले आहे, त्याची दोन मिनिटे वेगळी दिसतात. त्यांत कॅमेरा टेबलावरच्या एका पाकिटावर गरजेपेक्षा क्षणभर जास्त थांबतो, कारण त्या पाकिटाला पुढे काम आहे. पावलांचा आवाज येतो तो केवळ आवाज म्हणून येत नाही, तर लंगडणाऱ्या माणसाची अनियमित लय घेऊन येतो, जी प्रेक्षकाला पुन्हा ओळखू यावी. आणि मुलीचा चेहरा दाखवताना तिला काय ठाऊक आहे व प्रेक्षकाला काय ठाऊक आहे यांतले अंतर ठरवून राखलेले असते. असा तुकडा समवयस्कांना दाखवल्यावर त्यांना किती भीती वाटली हे विचारण्यापेक्षा, कोणासाठी भीती वाटली आणि त्या मुलीने आता काय करावे असे वाटते, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. काही जण म्हणतील तिने पाकीट उघडावे, काही म्हणतील तिने पोलिसांकडे जावे, एखादी म्हणेल की तिने आधी ज्याचा अपराध केला त्याच्या घरी जावे. आणि अशी उत्तरे येऊ लागली की प्रेक्षकाला आकृष्ट करण्यासाठी काय केले, या परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर त्या गटाला स्वतःच्या शब्दांत लिहिता येते.